वाईट दिवसाला झेपेल एवढाच गोठा

गाईचं एक बरं असतं आणि एक वाईट. बरं हे, की ती वेळेला हंबरते आणि कशातच जीव लागत नसला तरी माणसाला उठून दाव्यापर्यंत जावंच लागतं. वाईट हे, की ती रोज हंबरते. पोळ्यालाही, अंगात ताप असतानाही, आणि तुम्ही चार रात्री डोळ्याला डोळा लावला नसलात तरीही. नैराश्य असलेल्याने दुधाचा धंदा करावा का? करता येतो. फक्त गोठा केवढा असावा हे चांगल्या दिवसाकडे बघून ठरवायचं नाही. ज्या दिवशी अंघोळसुद्धा होत नाही, त्या दिवशी दीड तासात जेवढं उरकेल तेवढ्याच गाई, तेवढंच दूध आणि तेवढंच चीज. पुढचं सगळं या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी दवाखाना, मग दावण

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खाली बसलेलं, झोप तुटलेली किंवा उलट उठवतच नाही, भूक मेलेली, आवडीचं कामही नकोसं, आणि सारखं 'आपलंच चुकलं' वाटत राहणं. एवढं जुळत असेल तर त्याला 'टेन्शन' म्हणून बाजूला सारू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, तसंच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं इथेही हा विभाग आहे. एसटीने जाणं होत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

जनावरांत वावरणाऱ्याने डॉक्टरांना एक गोष्ट आपणहून सांगावी: घरी गाई आहेत, कच्चं दूध आणि वार (वेतानंतर पडणारी झार) हाताळावी लागते. कारण ब्रुसेलोसिस. गाभडलेल्या गाईच्या वारेतून, स्रावातून किंवा कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणं, महिनोन्‌महिने न जाणारा थकवा, उदासी. बाहेरून बघणाऱ्याला ते नैराश्यच वाटतं, कधी दोन्ही एकत्रही असतात, पण ब्रुसेलोसिसचं औषध वेगळं आहे. रक्ताची एक तपासणी पुरते. त्याच वेळी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्यावं. गोठ्याकडून काळजी अशी: वार हातमोज्यांशिवाय उचलायची नाही, ती खोल पुरायची, आणि कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्यायची. ही लस फक्त मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच देतात.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'काहीच फरक नाही' म्हणून सोडणारे जसे बरेच, तसे तिसऱ्या महिन्यात 'आता बरं आहे' म्हणून सोडणारेही. दुसऱ्यांचं जास्त बिघडतं. कमी करायच्या तर डॉक्टर सांगतील तशा, हळूहळू. गोळीची वेळ धारेला बांधा, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. पाकीट मात्र चहाच्या डब्याशेजारी ठेवा. जनावरांच्या औषधांच्या खोक्यात माणसाचं औषध ठेवायचं नाही.

दोन धोके खास आपल्याकडचे. काही गोळ्यांनी गुंगी येते किंवा हात थरथरतो, त्यामुळे मात्रा बदलल्यानंतरचे पहिले ८-१० दिवस कडबाकुट्टीच्या यंत्राला हात लावू नका. तेवढ्या दिवसांची कुट्टी आधीच करून पोत्यांत भरून ठेवा. दुसरा धोका उन्हाचा. मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की घामाने शरीरातलं पाणी-मीठ जातं, आणि लिथियम (मनाच्या आजारावरचं एक औषध) चालू असणाऱ्याच्या रक्तात ते वाढून विषबाधा होऊ शकते. हगवण, उलट्या, चालताना झोक जाणं, बोबडी वळणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठायचं. उन्हाळ्यात ११ ते ४ रानात जायचं नाही, हा नियम गाईला आहे तसाच तुम्हालाही.

आणखी एक काम आजच करा. घरात, आखाड्यावर, माळवदावर कुठेही कीटकनाशक असेल तर ते बाहेर काढा. गवताच्या रानाला त्याची गरजच जवळजवळ पडत नाही. कापसाच्या किंवा तुरीच्या वाट्यासाठी ठेवावंच लागत असेल तर ते भावकीतल्या दुसऱ्या घरी, कुलपात, आणि किल्ली त्यांच्याकडे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळात जोर धरतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं, याने माणूस वाचतो. तसा विचार आला तर घरातल्या एकाला शब्दांत सांगा आणि १४४१६ लावा. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

गाई कोणत्या, किती

चार. त्यातल्या तीन एका वेळी दुभत्या. जास्तीची हौस चांगल्या महिन्यात येते आणि वाईट महिन्यात अंगावर पडते.

जात देवणी किंवा लाल कंधारी. देवणी लातूरकडची, लाल कंधारी नांदेडच्या कंधारची, दोन्ही या उन्हाला आणि कडब्याला सरावलेल्या. संकरित गाय दुप्पट-तिप्पट दूध देते हे खरं, पण ती एक वेळ धार चुकली की लगेच तिची कास सुजते, उन्हात धापा टाकते, आणि तिला रोज सारखं लक्ष लागतं. तुमच्याकडे ते रोज सारखं नसणार. देवणी ४-५ लिटरवर असते, पण एक दिवस दुर्लक्ष झालं तर सोसते.

शिवाय देवणीच्या एका खोडीचा इथे फायदा होतो. वासरू लावल्याशिवाय ती नीट पान्हवत नाही. मग वासराला कामाला लावा. वासरू महिन्याचं झालं की संध्याकाळी ६ ला ते वेगळं बांधायचं, सकाळी ७ ला वासरू लावून पान्हवून धार काढायची, आणि नंतर दिवसभर वासरू गाईबरोबर सोडायचं. संध्याकाळची धार वासरूच काढतं. तुमच्या वाट्याला गाईमागे अडीच-तीन लिटर येतं, म्हणजे तीन गाईंचं साडेसात ते नऊ लिटर. दूध कमी झालं, पण धारेची एक पाळी कायमची गेली, वासरं थोराड होतात आणि कासदाह कमी राहतो. संकलन केंद्राची गाडी पहाटे ५ ला येते म्हणून ४ ला उठणारी माणसं झोपेच्या आजारावर आणखी झोप घालवतात. चीज करणाऱ्याला गाडी गाठायची नसते, म्हणून धार ७ ला ठेवता येते. मात्र ७ म्हणजे रोज ७.

सगळ्या गाई एकाच मोसमात व्याव्यात असं बघा. दिवाळीनंतर माजावर आलेल्या भरवल्या तर सुमारे २८० दिवसांनी, पोळ्याच्या आगेमागे वेतात. गवत भरात असतं तेव्हाच दूधही भरात येतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत आटवून टाका. शेवटच्या दोन महिन्यांचं दूध तसंही थोडं, खारट आणि विरजण्याला हट्टी असतं, आणि ऐन उन्हाळ्यात धार नाही ही खरी सुट्टी. फक्त सुट्टीत सकाळी ७ ची वेळ सोडायची नाही. धार नसली तरी त्याच वेळी हौद भरायला आणि गाई सोडायला जायचं, नाहीतर झोपेचं वेळापत्रक आठवड्यात कोसळतं.

माज दर २१ दिवसांनी येतो आणि वाईट दिवसांत तो हमखास नजरेतून सुटतो. सकाळी माजाची लक्षणं दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. डॉक्टरांना बोलवायला १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक चालतो.

वैरण: एक दिवस, एक पोतं

साधारण ४०० किलोच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा चारा पोटात जावा लागतो. चार गाईंना ४०-४५ किलो. हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, त्यामुळे नुसत्या हिरव्यावर हे भागत नाही.

विहिरीला पाणी असेल तर २० गुंठे संकरित नेपियर लावा, फुले जयवंत किंवा को-४. पहिली कापणी ६०-६५ दिवसांनी, पुढच्या ४५ दिवसांच्या आसपास, जमिनीपासून चार-सहा इंच सोडून. फार कोवळं कापलं तर ऑक्झलेट जास्त असतं, गाईच्या अंगातला कॅल्शियम बांधला जातो. धुऱ्यावर शेवरी आणि दशरथ घास, प्रथिनांसाठी. बरडावर, जिथे तूरही धड येत नाही तिथे मारवेल. मृगाचा पाऊस जिरला की दीड फुटावर ओळी पाडून मुळं फुटलेले ठोंब लावायचे, पहिल्या वर्षी चारायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून रानाचे ६-७ तुकडे करून एकेका तुकड्यात चार-पाच दिवस चारायचं आणि गवत चार बोटांवर आलं की गाई पुढच्या तुकड्यात. पहिला तुकडा महिनाभर विसरायचा. कुसळी गवत असेल तर कुसळं धरण्याआधी कापा, नंतर ती तोंडात आणि जिभेत रुततात.

पावसाने ताण दिलेली, फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी किंवा तिचा फुटवा गाईला लागू देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागली की गाय तासाभरात जाते, डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही.

वाईट दिवसासाठी मात्र मुरघास, म्हणजे हवा काढून मुरवलेला हिरवा चारा. तोही खड्ड्यात नको. खड्डा एकदा उघडला की रोज नीट थर काढून परत झाकावा लागतो, आणि ते राहून गेलं की बुरशी. ५० किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्या. मका ८०-९० दिवसांचा, कणसात दाणा दुधातून पिठाकडे वळत असताना कापायचा. मूठभर कुट्टी दाबून सोडली तर हळूच सुटावी, पाणी गळू नये. पाऊण इंचाची कुट्टी थर-थर तुडवून, हवा काढून, तोंड दोनदा बांधायचं आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. चार गाईंना प्रत्येकी १२ किलो, म्हणजे एक पिशवी बरोबर एका दिवसाची. विचार न करता पिशवी ओढायची, फाडायची, गव्हाणीत टाकायची. सोबत कडबा माणशी, म्हणजे गाईशी, पाच-सहा किलो. उंदराने भोक पाडलेली पिशवी बघितल्याबरोबर आधी वापरा. काळी किंवा पांढरी बुरशी आलेला भाग उकिरड्यावर.

पेंड दुभत्या गाईला पोटासाठी १ किलो आणि दर लिटर दुधाला ४०० ग्रॅम. खनिज मिश्रण ५० ग्रॅम. वासरू पितं ते दूधही मोजायचं, हे बहुतेक जण विसरतात आणि मग गाय हाडावर येते.

चीज: कुठे थांबता येतं, कुठे नाही

आपल्याकडे दूध उरलं की खवा हा रिवाज, भूम-कुंथलगिरीकडे तर त्यावरच गावं चालतात. पण खव्याला तास-दीड तास कढईसमोरून हलता येत नाही, आणि मन जड असताना खवा करपतोच. गौडासारखं मुरवायचं चीज १२-१४ अंशांच्या दमट खोलीत महिनोन्‌महिने उलथत ठेवावं लागतं. ती खोली मराठवाड्यात विजेवर चालते आणि वीज जाते. म्हणून पहिली दोन वर्षं फक्त एकच: सायप्रसच्या हलुमीच्या पद्धतीचं, तव्यावर भाजायचं, मिठाच्या पाण्यात टिकणारं चीज. त्याला जिवाणूंचं विरजण लागत नाही, ते गरम निवळीत (दुधातून सुटणाऱ्या पाण्यात) शिजतं, आणि त्याच्या वाटेत दोन चांगले थांबे आहेत.

सामान: ३० लिटरचं स्टीलचं पातेलं आणि ते बसेल असं मोठं भांडं, काट्याचा थर्मामीटर, मलमलचं कापड, पनीरचा भोकांचा साचा, मायक्रोबियल रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य), खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराईड, खडे मीठ. आणि फ्रीज.

दोन सकाळचं मिळून १५ ते १८ लिटर दूध होतं. पहिल्या दिवशीचं धार काढल्यावर लगेच ६३ अंशांवर ३० मिनिटं धरायचं, थंड करून ४ अंशांवर फ्रीजला ठेवायचं. हा पहिला थांबा. दुसऱ्या दिवशी जमलं नाही तरी बिघडत नाही, तिसऱ्या दिवशी मात्र ते वापरायचंच. थंड करताना एक अडचण येते. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणीच ३२-३४ अंश असतं, त्यात दूध ठेवून ते थंड होत नाही, नुसतं कोमट राहून आंबतं. दोन लिटरच्या बाटल्या पाण्याने भरून रात्रभर बर्फ करून ठेवा आणि त्या बाहेरच्या पाण्यात सोडा.

दुसऱ्या दिवशीचं दूधही तसंच तापवायचं, मग सगळं एकत्र करून ३४ अंशांवर आणायचं. २० लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून घाला. पाच मिनिटांनी रेनेट, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, पाव वाटी पाण्यात मिसळून. अर्धा मिनिट ढवळून चमचा बाहेर. इथून पुढे दोन-अडीच तास थांबा नाही. हे दोन-अडीच तास आज आपल्याकडे आहेत का, हे रेनेट टाकण्याआधी स्वतःला विचारायचं, नंतर नाही. नसतील तर त्याच दुधाचं पनीर करा: ९० अंशांपर्यंत तापवून ८० वर उतरवायचं, लिटरला २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचं, निवळी हिरवट-स्वच्छ झाली की थांबायचं. अर्ध्या तासात मोकळे.

रेनेट टाकल्यावर ४०-४५ मिनिटांनी सुरी तिरपी घालून वर उचला. चीर स्वच्छ पडली, कडा तुटल्या नाहीत आणि फटीत पिवळसर निवळी साठली की दही तयार. चिरेत दुधाळ पाणी दिसलं तर आणखी दहा मिनिटं. मग एक ते दीड सेंटीमीटरचे चौकोन कापा, पाच मिनिटं तसेच राहू द्या, आणि अगदी मंद आचेवर २०-२५ मिनिटांत ४० अंशांवर न्या. हाताने खालून वर, तुकडे न चिरडता हलवत राहायचं. शेवटी तुकडा बोटांत दाबला तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा लवचिक लागतो. निवळी गाळून ठेवा, दही कापडासकट साच्यात, वर ४-५ किलोचं वजन, तासभर.

आता दुसरा थांबा. दाबलेली लादी झाकून फ्रीजला ठेवली तर उरलेलं काम उद्यावर ढकलता येतं. निवळीही थंडीतच ठेवायची.

पुढचं सोपं. लादीचे हाताच्या पंजाएवढे, बोटभर जाड तुकडे करा. निवळी ९० अंशांपर्यंत तापवा, वर येणारा पांढरा साका झाऱ्याने काढा (भाकरीबरोबर बरा लागतो, विकायला पुरत नाही). मग तुकडे निवळीत सोडा. ३०-४० मिनिटांत ते तरंगायला लागतात. काढून, थोडे थंड झाल्यावर, वजनाच्या ३ टक्के मीठ चोळा. दुसऱ्या दिवशी उकळून गार केलेल्या निवळीत लिटरला १०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवून फ्रीजला. २० लिटरला दोन-सव्वादोन किलो मिळतं.

बिघडतं कुठे? दही लागलंच नाही तर पहिला संशय पाण्यावर. ग्रामपंचायतीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि क्लोरीन रेनेट मारतं, म्हणून रेनेट नेहमी उकळून गार केलेल्या पाण्यात. दुसरा संशय तापमानावर, दूध एकदा जरी उकळलं असलं तर ते धड लागत नाही. तिसरा कासेवर. रोज प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या ताटलीत घ्या. गुठळ्या, पाणी किंवा रक्त दिसलं तर त्या गाईचं दूध पातेल्यात नाही. व्यायल्यानंतर पहिले पाच दिवस चीकही नाही. अँटिबायोटिक टोचलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध ना चीजला, ना केंद्राला, ना शेजाऱ्याला. दह्याला स्पंजसारखी भोकं पडून ते फुगलं तर शेणाचे जंतू आत गेलेत. ते फेकायचं, शिजवून वाचवायचं नाही. चीज कडवट झालं तर रेनेट जास्त. मिठाच्या पाण्यात वरचा थर बुळबुळीत झाला तर मीठ कमी पडलं किंवा कॅल्शियम नाही, लिटरला चिमूटभर कॅल्शियम क्लोराईड त्या पाण्यातही घाला.

म्हशीचं दूध मिसळलं तर दही लवकर आणि घट्ट लागतं, पण चीज कोरडं, रबरासारखं होतं. मिसळायचंच तर चौथा हिस्सा, आणि रेनेट थोडं कमी.

बिनमिठाची निवळी पेंडीत भिजवून गाईला देता येते, अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून आठवड्यात ३ लिटरपर्यंत. मिठाची नाही.

वहीतला दुसरा आकडा

गोठ्यात एक वही दोरीला बांधून टांगा. तारीख, कोणत्या गाईचं किती लिटर, आणि शेजारच्या रकान्यात स्वतःच्या मनाचा आकडा, ० ते १०. दूध मोजताना तोही लिहायचा, कारण वेगळा बसून लिहायचा म्हटलं की लिहिला जात नाही. सलग तीन दिवस ३ च्या खाली आला, किंवा तीन दिवस रकाना कोराच राहिला, की ठरलेल्या माणसाला फोन आणि डॉक्टरांकडे फेरी. तुम्हाला वहीकडे बघायचा कंटाळा आला तरी गोठा बोलतो: हौदाला शेवाळ, परवाचं शेण तसंच, वासराचं दावं बदललेलं नाही, गाळणीचं कापड वाळून कडक. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे 'आळस आलाय' म्हणण्याऐवजी ते काय चाललंय ते विचारतील.

वाईट दिवसाची कामं चारच. पाणी, वैरण, वासरं सोडणं, गोळी. शेण दोन दिवस थांबतं, पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात एक गाय ६० ते ८० लिटर पिते. धार जमत नसेल तर वासराला सगळं पिऊ द्या. आठ लिटर गेले, काही बिघडलं नाही. महिन्याच्या आतलं वासरू मात्र दहा मिनिटांनी बाजूला बांधा, नाहीतर पांढरी हगवण लागते. धार काढली पण पुढचं होत नसेल तर दूध उकळून विरजण लावा. दही दोन-तीन दिवस थांबतं, लोणी त्याहून जास्त, आणि तूप तर महिनोन्‌महिने.

बदलीचा माणूस आजारात शोधायचा नसतो. बरं चाललंय तेव्हाच एकाशी ठरवा: जाऊ, पुतण्या, शेजारच्या आखाड्यावरचं कुणी. महिन्यातून दोन सकाळी त्याने धार काढायचीच, तुम्ही ठणठणीत असलात तरी, आणि त्याचे पैसे रोख. गाय अनोळखी हाताला पान्हा चोरते, म्हणून ही सवय आधी लागते. सालगड्याच्या भरवशावर हे ठेवू नका, तो पाडव्याला बदलतो. गव्हाणीवर पुठ्ठा चिकटवा: कोणती गाय कुठल्या पायाने लाथ मारते, कुणाला किती पेंड, पिशव्या कुठे, डॉक्टरांचा नंबर, दूध नासलं तर काय. त्यावर एवढंच हवं की तुम्हाला फोन करावा लागू नये.

आणि दोन बंधनं. मनाचा आकडा ४ च्या खाली असताना गाय विकायची नाही, कर्ज काढायचं नाही, कुणाला जमीन लिहून द्यायची नाही. १५ दिवस थांबून परत बघायचं. तो ८ च्या वर असताना गाय घ्यायची नाही. दुसरं बंधन पाळणं पहिल्यापेक्षा अवघड जातं.

विक्री, थोडक्यात

अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर आधी करा, क्रमांक पाकिटावर छापा, सोबत तयार केल्याची तारीख. भाव काढताना दूध ३५ रुपये धरलं तर किलोमागे दुधाचेच ३५० होतात. वर गॅस, मीठ, पाकीट, वीज आणि तुमची मजुरी. त्याखाली विकत असाल तर दूध केंद्राला घातलेलं बरं. हे चीज नाव सांगून खपत नाही. आठवडी बाजारात छोटा गॅस आणि तवा घेऊन बसा, थेंबभर तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस भाजून, वर लिंबू पिळून हातावर द्या. न वितळता कुरकुरीत होतं हे डोळ्यांनी दिसलं की लोक विचारतात. उधारी नाही, कारण वसुलीचे फोन करणं हे वाईट महिन्यात सगळ्यात आधी थांबणारं काम आहे. हॉटेलाला रोजचा पुरवठा कबूल करू नका. 'आहे तेव्हा कळवतो' एवढंच बोला, आणि आठवड्यातून एक वार ठरवा.

सुरुवात २० लिटरने नको. ५ लिटर, १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड, तेवढ्याच प्रमाणात रेनेट, आणि तीही अशा दिवशी जेव्हा घरात दुसरं कुणी आहे. पाच खेपा सारख्या उतरल्या की पातेलं मोठं करा.